आबांच्या नावावरचा कंप्युटर

आमच्या घरात जे जे काही होतं ते आबांच्या नावावर होतं. गॅस आबांच्या नावावर, लाईटचं मीटर आबांच्या नावावर, टेलिफोन आबांच्या नावावर, आणि गल्लीतल्या दूधवाल्याकडचं खातंसुद्धा आबांच्याच नावावर. कोणी तसा हुकूम काढला नव्हता. पण अमरावतीत आमच्या वस्तीत तेव्हा कुठलीही नवी गोष्ट घरात आली की नाव विचारणाऱ्याला घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाव सांगायचं, एवढं आम्हाला कळत होतं. त्यामुळे समोरच्या खोलीत कंप्युटर आला आणि त्यानं पडद्यावर नाव विचारलं, तेव्हा मीसुद्धा बिनधास्त आबांचं नाव टाकून दिलं. आई माझ्या मागे उभी होती. तिलाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा, रिटायर झालेले मुख्याध्यापक. शाळेबद्दल बोलायचं असलं की पुस्तकी मराठी बोलायचे आणि राग आला की अस्सल वऱ्हाडी. बाबा मेळघाटात जंगलखात्यात होते, महिन्यातून एखादेवेळी घरी यायचे. घर चालायचं आबांच्या पेन्शनवर आणि आईच्या टायपिंगवर. आसपासच्या शाळांच्या परीक्षांचे पेपर आमच्या घरी टाईप व्हायचे. वलगावच्या, चांदूर रेल्वेच्या, कुठून कुठून. मुख्याध्यापक लोक आबांच्या ओळखीचे, म्हणून काम आबांच्याकडे यायचं, टाईप आई करायची, आणि तपासायला पुन्हा आबा. आईनं टाईप केलेल्या पेपरात आबा हात घालायचेच. कुठं प्रश्नच बदलायचे, कुठं आईनं छान आखलेला तक्ता मोडून टाकायचे. ती स्वयंपाकघरात गेली की हे खुर्चीत. परत येऊन पाहते तर पेपर ओळखू येऊ नये असा झालेला. आई काही बोलायची नाही, पण त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरात थापल्या जायच्या, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आता कंप्युटरमध्ये लिनक्स कसं आलं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आधी विंडोजच होतं. पण शाळांचे लोक पेन ड्राईव्ह घेऊन यायचे, आणि त्यातून असे काही व्हायरस यायचे की आईचे आठवड्याचे पेपर एकदा अख्खेच्या अख्खे गेले. मी तेव्हा अकोल्याला मावशीकडे राहून पॉलिटेक्निक करत होते. पहिल्याच वर्षी शबाना नावाची मैत्रीण मिळाली, तिनं मला लिनक्सची गोडी लावली, आणि नव्यानं शिकलेल्या माणसाला जसा जोर असतो तसा मलाही होता. एका सुटीत येऊन मी घरच्या कंप्युटरवर लिनक्स चढवलं. पंचाईत एकच होती. आईचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम विंडोजवरचा. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायला वाईन नावाचा एक प्रोग्राम लागतो, तो टाकला आणि त्याच्यामार्फत आईचा प्रोग्राम सुरू केला. नाव ऐकून आबांनी मला दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणायला लावलं. खरंच म्हणायला लावलं, हात जोडून. मग म्हणाले, "चालते ना? मंग चालू दे."

आबांचा पासवर्ड फक्त आबांना ठाऊक. पेपर म्हणजे गोपनीय, हे त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. घरात माझा धाकटा भाऊ होता, त्याचे मित्र होते, शेजारची पोट्टी होती. सकाळी वंदना झाली, चहा झाला की आबा कंप्युटरपाशी यायचे, आम्हा सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला सांगायचे आणि एका बोटानं पासवर्ड टाकायचे. एकेक अक्षर शोधून. आम्ही भिंतीकडे बघत हसू दाबायचो. आईसुद्धा भिंतीकडे. मला तेव्हा त्याची मजा वाटायची. आज मी कंप्युटर शिकवते, विद्यार्थ्यांना फाईलींच्या परवानग्या शिकवताना, कुठली फाईल कोणाची, कोणी वाचायची, कोणी लिहायची हे सांगताना, मला ती भिंतीकडे तोंड करून उभी असलेली आई दिसते आणि तेवढी मजा वाटत नाही.

तर आबांचं विपश्यनेच्या शिबिराला जायचं ठरलं. तिथं मौन, फोन नाही, बाहेरच्याशी बोलणं नाही. आता रोज सकाळी कंप्युटर कोण उघडणार? दुसऱ्या कोणाच्याही घरी हा प्रश्न पडला नसता, सुनेला पासवर्ड सांगितला असता आणि माणूस गाडीत बसला असता. आमच्या आबांनी काय केलं, तर जायच्या दिवशी कंप्युटर उघडला, पडद्यावर विणलेलं झाकण टाकलं, इन्व्हर्टरला नवी बॅटरी लावून घेतली आणि सांगितलं, "मी येतपर्यंत हा बंद करायचा नाही." एवढं सांगून पिशवी उचलली. आणि आईनंही त्यात काही गैर मानलं नाही. कंप्युटर उघडा ठेवून जाणं हाच त्यांचा तिच्यावरचा विश्वास, असं तिला वाटलं असणार.

ते गेले आणि चांदूर रेल्वेहून वानखडे मॅडम आल्या. एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांचा नेहमीचा टायपिंगवाला आजारी पडला होता आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. सर नाहीत म्हटल्यावर त्या परत निघाल्या होत्या. दारापर्यंत गेल्याही. आणि माझी आई, जी आजवर कुठल्या कामाला स्वतःहून हो म्हणाली नव्हती, ती म्हणाली, "ठेवून जा मॅडम. होईन." नंतर मला फोनवर सांगताना तिचा आवाजच वेगळा होता. "सगळ्या वर्गाचे पेपर हायेत, पोरी. म्या शब्द देला." मी अकोल्यात मावशीच्या ओसरीत उभी राहून तो फोन ऐकला. मला इतका आनंद झाला की मावशीनं विचारलं, काहून नाचून राहिली?

निम्म्याहून जास्त पेपर झाले आणि आमच्या गल्लीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. वऱ्हाडात उन्हाळ्यात डीपी जळणं म्हणजे नवल नाही. लाईनमन येतो, बघतो, जातो. नव्या बॅटरीनं दम धरला तेवढा धरला, मग इन्व्हर्टर ओरडायला लागला, आई त्याच्यापाशी बसून "थांब रे बाप्पा, थांब" म्हणत होती म्हणे, आणि कंप्युटर बंद पडला. दुसऱ्या दिवशी लाईट आली. आईनं बटण दाबलं. पडद्यावर आबांचं नाव आलं, खाली पासवर्डची रिकामी चौकट. पेपर त्या चौकटीच्या पलीकडे, परीक्षा मंगळवारपासून, मॅडम सोमवारी सकाळी येणार. आईचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. नुसतं म्हणाली, "तू ये." मी मिळेल ती गाडी धरून अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरले.

रविवारी सकाळी आम्ही दोघी कंप्युटरपुढे बसलो. माझ्या दृष्टीनं काम सोपं होतं. यंत्र तुमच्या ताब्यात असेल तर लिनक्समध्ये मागच्या दारानं शिरता येतं आणि कोणाचाही पासवर्ड बदलता येतो. मी तसं म्हटलं आणि आई ताडकन उभी राहिली.

"नाई. त्यायचा पासवर्ड बदलाचा नाई."

"आई, काम झालं की त्यांना नवा सांगून टाकू ना!"

"त्यायनं कुलूप लावलं. आपन त्यायच्या माघारी तोडलं तं ते काय म्हनतीन? अन् त्यायचं काय काय असन त्याच्यात. मले नाई पाहाचं."

मी चिडले. मी तेव्हाही लवकर चिडायची, आताही चिडते, माझे विद्यार्थी साक्षीदार आहेत. म्हटलं, "मग जाऊन शिबिरात विचारू का? मौन सोडा आणि पासवर्ड सांगा म्हणून?" तर म्हणे तेही नाही. इतक्या वर्षांनी मन शांत करायला गेले आहेत, त्यांना त्रास द्यायचा नाही. मग करायचं काय? आई पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "त्यायचं त्यायले राहू दे. माहं मले दे. जे पेपर म्या टाईप केले, तेवढे माहे हायेत का नाई?"

ते पेपर आबांच्या खात्यात केलेले, म्हणजे मालक आबा. यंत्राला विचाराल तर आईचं तिथं काहीच नव्हतं. तिनं टाईप केलं होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. पण आईचं म्हणणं ऐकल्यावर मला वाट दिसली. आबांच्या कुलपाला हात न लावता आईच्या नावाचं वेगळं खातं उघडायचं, आणि तेवढे पेपर व तो टायपिंगचा प्रोग्राम आईच्या खात्यात नकलून घ्यायचा.

मागच्या दारानं शिरले. काळा पडदा, पांढरी अक्षरं. खातं उघडायचा हुकूम दिला तर यंत्र म्हणालं, इथं काही लिहिता येणार नाही. पुन्हा दिला, पुन्हा तेच. शबानाला फोन लावला. ती अकोल्याला घरी कणीक मळत होती, फोन तिच्या बहिणीनं तिच्या कानाला धरला होता.

"अरे पागल," ती म्हणाली, "पीछे के दरवाजे से गई ना? वहाँ सब नुसता पढने के लिए खुलता. पहले डिस्क को लिखने के लिए खोल, फिर नाम डाल."

तिनं सांगितलेली ओळ मी लिहिली आणि यंत्र निमूटपणे ऐकायला लागलं. नाव विचारलं. मी आईकडे पाहिलं. पूर्ण नाव टाकायला हवं, बाबांचं नाव, आडनाव, सगळं. आई म्हणाली, "शीला लिही." मी म्हटलं, नुसतं शीला? "हो. नुसतं शीला. पुरे झालं." मग पासवर्ड टाकायची वेळ आली आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी उठून भिंतीकडे तोंड केलं. मागे कळफलकाचा टकटक आवाज आला. आई आबांसारखी एका बोटानं टाकत नव्हती. दहा बोटांनी, भराभर. त्या आवाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते पुसलं.

पेपर आणले, वाईनचं सगळं बिऱ्हाड आणलं, आईच्या नावानं आत गेलो आणि टायपिंगचा प्रोग्राम सुरू केला. झाला नाही. यंत्रानं सांगितलं की हा फोल्डर तुमच्या मालकीचा नाही, म्हणून मी इथं काही करणार नाही. बरोबरच होतं त्याचं. नक्कल मी यंत्राच्या मुख्य मालकाच्या अधिकारात केली होती, त्यामुळे सगळं सामान त्याच्या नावावर पडलं होतं. आईच्या घरात आईचं सामान, पण नाव तिसऱ्याचंच! मला एक जालीम उपाय माहीत होता. सातशे सत्त्याहत्तर हा आकडा टाकला की कुठलीही फाईल कोणालाही वाचायला, लिहायला, चालवायला मोकळी होते. आजही माझे विद्यार्थी अडले की पहिल्यांदा तोच आकडा टाकतात. मी फोनवर शबानाला सांगितलं, टाकून देते आणि मोकळी होते.

"मत कर!" ती ओरडली. "वो मतलब दरवाजाच निकाल के रख दिया. पेपर है ना परीक्षा के? तेरा भाई देखेगा, उसके दोस्त देखेंगे. मालिक बदल, मालिक! मम्मी के नाम पे कर."

मग मी मालक बदलला. प्रोग्राम सुरू झाला. आईनं सातवीच्या भूगोलाचा पेपर उघडला आणि तिच्या तोंडून "अगं माय" एवढंच निघालं. पेपरात एक मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, शेपट्या, कसल्या कसल्या खुणा, पानभर. "माहे पेपर खराब झाले," ती म्हणाली. "गेलं. सगळं गेलं." ती उठून स्वयंपाकघरात निघून गेली. आत भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, मी आईचा पहिलाच शब्द बुडवला. त्या क्षणी मला लिनक्सचा, शबानाचा, पॉलिटेक्निकचा, सगळ्याचा राग आला. इतका की कंप्युटर उचलून अंगणात टाकावा.

मग पाणी प्यायले आणि विचार केला. ते जुने मराठी फॉन्ट तसलेच असायचे. फॉन्ट सापडला की मराठी, नाही सापडला की असली रांगोळी. म्हणजे पेपर शाबूत होता, यंत्राला फॉन्ट मिळत नव्हता. फॉन्ट तर मी आणले होते. मग का मिळू नये? बघते तर मी वरच्या फोल्डरचा मालक बदलला होता, आतल्या सामानाचा बदलायचाच विसरले होते. पेटीवर आईचं नाव, आतल्या लुगड्यांवर दुसऱ्याचं. पुन्हा तोच हुकूम दिला, या वेळी आतल्या सगळ्यासकट. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला.

"आई, ये बरं इकडे."

"नाई येत मी."

"ये ना वो!"

ती ओले हात पदराला पुसत आली. पडद्यावर लिहिलं होतं, प्रश्न पहिला, रिकाम्या जागा भरा. तिनं पडद्याला हात लावला. तिचं ओलसर बोट काचेवर उमटलं. "हाय की," म्हणाली. "हाय की वो माय, सगळं हाय!" आणि मला जवळ ओढून तिनं माझ्या डोक्याचे मुके घेतले, मी काय लहान होते का तेव्हा. मग लगेच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता तू सयपाकाचं पाय. मले हात लावू नको."

तो दिवसभर मी स्वयंपाकघरात होते आणि ती समोरच्या खोलीत. मी केलेल्या पिठल्यात गुठळ्या झाल्या, भाकरी एका बाजूनं करपली, धाकट्यानं नाक मुरडलं. आईनं डाव्या हातात भाकरीचा तुकडा धरून उजव्या हातानं टाईप करत ते सगळं खाल्लं आणि चांगलं झालंय म्हणाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलरमध्ये पाणी टाकायचं कोणाला सुचलं नाही. दिवेलागणीला शेवटचा पेपर झाला. मग ती स्वतःच तपासायला बसली. हातात पेन, एकेक ओळ, ओठ हलवत. सोमवारी वानखडे मॅडम आल्या, पानं चाळली, म्हणाल्या, "सरांनी तपासले असतील ना?" आई म्हणाली, "नाही मॅडम, मी तपासले." मॅडमनी पुन्हा एकदा आईकडे पाहिलं आणि कागद पिशवीत टाकले.

मला अकोल्याला परत जायचं होतं, पण मी गेले नाही. आबा यायचे होते, आणि आईला एकटीला त्यांच्यासमोर सोडायची माझी तयारी नव्हती. ती दोन दिवस नीट जेवली नाही. "त्यायले काय वाटन" एवढंच घोकत होती. आबा आले तेव्हा बोलणं अगदी हळू झालं होतं, चेहरा वाळला होता पण छान दिसत होता. चहा घेतला, हातपाय धुतले आणि समोरच्या खोलीत गेले. पडद्यावर दोन नावं होती. एक त्यांचं, एक शीला.

"हे काय?" आबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. डीपी, बॅटरी, मॅडम, मागचं दार. तुमच्या पासवर्डला हात लावला नाही, तुमचं काही उघडून पाहिलं नाही, फक्त आईचे पेपर घेतले. आबा कळफलकाकडे वळले. आमची तोंडं भिंतीकडे करायला सांगायचं ते विसरले, आम्ही आपसूक केली. आत जाऊन त्यांनी आपलं सगळं पाहून घेतलं. मग म्हणाले, "पेपर पूर्ण झाले?"

"झाले," आई म्हणाली.

"तपासले कोणी?"

"म्याच."

"दाखव."

मी पुढे झाले आणि त्यांच्या खात्यातून आईचा फोल्डर उघडायला गेले. यंत्रानं नकार दिला. परवानगी नाही. साठी उलटलेला माणूस, ज्याच्या नावावर घरातलं कपबशीपासून मीटरपर्यंत सगळं, त्याला त्याच्याच समोरच्या खोलीत कोणीतरी परवानगी नाही म्हणालं. आबांच्या कपाळावरची शीर मी पाहिली. घाबरून म्हटलं, "थांबा आबा, सगळं मोकळं करून देते, एका मिनिटाचं काम आहे."

"थांब," आई म्हणाली. मला म्हणाली, पण बघत होती आबांकडे. "आबा, वाचाले देतो तुमाले. बदलाले नाई देत."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता शिबिराची सगळी शांती वऱ्हाडीत बाहेर येणार. पण ते खुर्चीत टेकले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "ठीक आहे. वाचण्यापुरतीच दे."

आईनं आपल्या नावानं आत शिरून दिलं आणि तशी परवानगी मी टाकली. आबांनी पहिलीपासून सुरुवात केली आणि एकेक पेपर वाचत गेले. सातवीच्या भूगोलाला पोचले आणि थांबले. तिसऱ्या प्रश्नाला गुण लिहायचे राहून गेले होते. त्यांनी सवयीनं कळफलक ओढला, आकडा टाकला आणि जतन करायला गेले. यंत्र नाही म्हणालं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. आणि आबा हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग चष्मा काढावा लागला.

"ऐकत नाही ना बाप्पा हे माहं!" ते म्हणाले आणि खुर्चीतून उठले. "ये शीला. गुण राहिले तिथं. तूच टाक."

आई बसली. आपल्या नावानं आत गेली, गुण टाकले, आणि भूगोलाचा पेपर अजून व्हायचा होता म्हणून चांदूर रेल्वेला फोन लावून मॅडमना तेवढं सांगितलं. आबा तिच्या शेजारी उभे होते आणि फोनवर ती काय बोलते ते लक्ष देऊन ऐकत होते. तिनं फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. आबांनी उचलला, थोडं ऐकलं, आणि हातातला फोन आईपुढे धरला.

"वलगावच्या शाळेतून आहे," म्हणाले. "पेपर टाईप करायचे आहेत, वानखडे मॅडमनी नाव सांगितलं म्हणे. शीलाबाई आहेत का, म्हणून विचारतात."